रक्त थांबत नाही तेव्हा



आम्ही डॉक्टर नव्हे, शाळामास्तर. पण माहिती असली तर जीव वाचतो, म्हणून एका विरळ आजाराविषयी बोलतो.

हिमोफिलिया म्हटला की तो जन्मापासूनचा, असे आपण समजतो. पण एक हिमोफिलिया नंतर जडणारा असतो. जन्मभर धडधाकट असलेल्या माणसाला तो बहुधा साठी-सत्तरी उलटल्यावर होतो. कधी बाळंतिणीलाही होतो. दहा लाखांत वर्षाला एखाद-दुसरा रोगी.

यात होते काय? स्लॅब टाकताना घमेले हातोहात पुढे जाते ना? रक्त गोठण्याचे कामही तसेच चालते. त्यातल्या गड्यांना डॉक्टरांनी नंबर दिले आहेत. या आजारात शरीराचे राखणदारच आठ नंबरच्या गड्याला चोर समजून धरतात. घमेले अडते, रक्त वाहत राहते.

खुणा ध्यानात ठेवा. मार न लागता अंगावर मोठमोठे काळेनिळे डाग पडतात. दंड, मांडी सुजून टणक होते. लघवीतून, शौचातून रक्त जाते. अशा वेळी अंग चोळू नका. आपल्या मनाने अ‍ॅस्पिरिन घेऊ नका. दंडात, कमरेत सुई टोचून घेऊ नका. रोग्याला तडक मोठ्या इस्पितळात न्या आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो, ते तपासायला सांगा.

तिथे दोन कामे होतात. पहिले, रक्त थांबवणे. नुसता माणसाचा आठवा घटक दिला, तर राखणदार बहुधा त्यालाही धरतात. म्हणून आठव्याला वगळून घमेले पुढच्या हाती देतात. त्यासाठी सातव्या घटकाचे औषध सुरुवातीला दर २-३ तासांनी शिरेतून देतात, किंवा अनेक घटकांचे मिश्रण दर ८ ते १२ तासांनी. डुकराच्या आठव्या घटकासारखे केलेले औषधही आहे. राखणदार त्याला सहसा कमी ओळखतात. अमेरिकेत ते २०१४ साली मंजूर झाले.

दुसरे काम, राखणदारांना आवरणे. त्यासाठी स्टेरॉइडसारखी औषधे कित्येक आठवडे घ्यावी लागतात. डाग गेले म्हणून ती आपणच बंद करू नयेत. राखणदार पुन्हा उठतात, आणि ही औषधे एकाएकी सोडणेही धोक्याचे.

औषधे फार महाग आहेत. इस्पितळातल्या समाजसेवकाला पहिल्याच दिवशी भेटा. संकोच करू नका.

म्हाताऱ्याच्या अंगावर डाग दिसला की आपण म्हणतो, "वय झालं, चालायचंच." मंडळी, एवढे एक वाक्य सोडून द्या.