रंगभूमीची साक्ष आणि आपली साक्ष
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त नाटे येथें केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं मागील पिढ्यांचे उपकार आठवावे, देवाचे आभार मानावे आणि चार गोड शब्द बोलून खालीं बसावें, असा शिरस्ता आहे. आज तो थोडा मोडण्याची मी आपली परवानगी मागतों. सायंकाळीं आपले तरुण-तरुणी देवळाच्या अंगणांत जो प्रयोग करणार आहेत, त्याचा विषय स्त्रियांना सोसावी लागणारी मारहाण व विटंबना हा आहे. त्यांतील बोल कोणा नाटककाराच्या कल्पनेंतून आलेले नसून स्त्रियांनीं स्वतः सांगितलेले आहेत. हें कळल्यावर कांहीं वडीलधारी मंडळी माझ्याकडे आली व म्हणाली, "फादर, सणाच्या दिवशीं देवळाच्या दारांत हें कशाला?" प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून त्याचें उत्तर मी जाहीरपणें देतों.

झावळ्यांच्या रविवारीं प्रभूच्या दुःखसहनाचा वृत्तांत आपण कसा वाचतों, तें आठवा. एकजण निवेदन करतो, धर्मगुरू प्रभूचे शब्द उच्चारतो, आणि प्रभूच्या मृत्यूची मागणी करणाऱ्या जमावाचे शब्द कोण उच्चारतें? आपण सर्व. पवित्र सभा आपल्याला त्या वेळीं केवळ श्रोते म्हणून बसूं देत नाहीं. त्या जमावांत आपणही उभे होतों, हें ती आपल्याच तोंडून वदविते. आजचा प्रयोगही आपल्याकडून तेवढेंच मागत आहे.

आपली मराठी रंगभूमी ह्या कामीं नवखी नाहीं. गोविंद बल्लाळ देवलांच्या 'शारदा' नाटकानें १८९९ सालीं जरठ-कुमारी विवाहाची लाज चव्हाट्यावर मांडली. तीस वर्षांनीं, १९२९ सालीं, हरबिलास सारडा ह्यांनीं मांडलेला बालविवाहास आळा घालणारा कायदा मंजूर झाला, तेव्हां मराठी माणूस त्यास 'शारदा कायदा' म्हणूं लागला, इतकें तें नांव त्याच्या मनांत रुजलें होतें. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'नें १९१९ सालीं दारुड्याच्या पत्नीचे हाल दाखविले. परंतु सिंधूसाठीं डोळे पुसणारा प्रेक्षक घरीं जाऊन स्वतःच्या बायकोवर हात उगारीत नसे, असें कोण छातीठोकपणें सांगेल? सिंधू नाटकांतली, बायको घरांतली. दोहोंच्या मध्यें पडदा होता.

हा पडदा दूर करणारी रीत पुढें आली, ती एका अन्यायाच्या पाठोपाठ. १९७२ सालीं चंद्रपूर जिल्ह्यांतील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यांत एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला उभा राहिला. उच्च न्यायालयानें दोघां पोलिसांना दोषी ठरविलें. परंतु १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांना सोडलें. मुलीच्या अंगावर जखमा नाहींत, ह्या गोष्टीला त्या निकालांत मोठें वजन मिळालें. १९७९ सालीं चार कायदेपंडितांनीं ह्याविरुद्ध खुलें पत्र लिहिलें, ठिकठिकाणीं स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ सालीं कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यांतील स्त्री 'माझी संमति नव्हती' असें शपथेवर सांगत असेल, तर संबंध सिद्ध झाल्यावर न्यायालयानें तें खरें धरून चालावें, असें ठरलें. त्याच वर्षीं मुंबईच्या स्त्री मुक्ति संघटनेनें ज्योती म्हापसेकर ह्यांनीं लिहिलेलें 'मुलगी झाली हो' हें नाटक उभें केलें. करणाऱ्या बायका धंदेवाईक नट्या नव्हत्या. नोकरी व चूल सांभाळून त्या वस्त्या-वस्त्यांतून फिरल्या. नेपथ्याचा थाट नव्हता. पाहणारी बाई व करणारी बाई एकाच चाळींतली शोभावी, अशी ती मांडणी होती. त्याचे हजारों प्रयोग झाले.

पुढें डिसेंबर २०१२ मध्यें दिल्लींत जें घडलें, त्यानें सारा देश हादरला. दुसऱ्याच वर्षीं यायल फार्बर ह्या दक्षिण आफ्रिकेच्या दिग्दर्शिकेनें 'निर्भया' हें नाटक केलें. त्यांतील स्त्रियांनीं स्वतःवर गुदरलेले प्रसंग स्वतःच्या तोंडानें सांगितले. त्यांपैकीं एकीला सासरीं जाळण्यांत आलें होतें. तिच्या चेहऱ्यावरील व्रण रंगभूषेचे नव्हते.

अशा नाटकांत एक धोकाही आहे, आणि तो पवित्र शास्त्रानें फार पूर्वीं ओळखला आहे. दानिएलाच्या ग्रंथांतील सुसान्नेची कथा आपणांस ठाऊक आहे. दोन वडील न्यायाधीशांनीं तिच्यावर खोटा आळ घेतला, आणि ते वडील होते एवढ्यावर लोकांनीं विश्वास ठेवला. भर सभेंत त्यांनीं तिच्या तोंडावरचा पडदा काढावयास लावला, तो आपल्या डोळ्यांची हौस पुरविण्यासाठीं. पीडितेला चारचौघांत उभें करून तिचें दुःख पाहण्याची हौस हाही दुसरा अत्याचारच होय. म्हणून आमच्या मुलांना मीं तीन अटी घातल्या: जिचे बोल तिची परवानगी, नांव-गांव बदललेलें, आणि मार रंगमंचावर दाखवावयाचा नाहीं, ऐकवावयाचा.

आतां एक गोष्ट माझी स्वतःची. ही पापनिवेदनांतील नव्हे. तशी असती तर माझे ओठ उघडले नसते. पुष्कळ वर्षांपूर्वीं, दुसऱ्या एका धर्मग्रामांत, एक बाई दिवेलागणीला माझ्या दारीं आली. गाल सुजलेला होता, कडेवर मूल होतें. मीं तिला क्रूसाबद्दल सांगितलें, क्षमेबद्दल सांगितलें, नवऱ्यासाठीं प्रार्थना करावयास सांगितलें. ती "बरें फादर" म्हणाली व गेली. मीं बोललों त्यांतील एकही शब्द खोटा नव्हता. परंतु 'बाई, आज रात्रीं तूं झोपणार कोठें?' हा एक प्रश्न मीं विचारला नाहीं. सेमिनरींत मी पुष्कळ शिकलों होतों. हें शिकावयाचें राहिलें. ती पुन्हां माझ्या दारीं आली नाहीं. ह्या प्रयोगाची तालीम पाहतांना तिची आठवण झाली व मी मध्येंच उठून गेलों.

म्हणून स्पष्ट सांगतों. जोडीदारापासून शरीरास वा आत्म्यास गंभीर धोका असेल, तर वेगळें राहण्याची मोकळीक १९८३ च्या धर्मसंहितेचें ११५३ वें कलम देतें. दुर्बळाला हिंसेपासून वांचविण्यासाठीं असें वेगळें होणें कधीं कधीं नैतिक दृष्ट्या आवश्यकही ठरतें, हें पोप फ्रान्सिस ह्यांनीं २०१६ सालीं 'आमोरिस लेतित्सिया' ह्या पत्रांत लिहून ठेविलें. देशाचा २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे; तो तिला राहत्या घरांत राहण्याचा हक्क देतो. १८१ ह्या क्रमांकावर मदत मागतां येते. प्रभूनें आपला क्रूस स्वेच्छेनें उचलला. दुसऱ्याच्या खांद्यावर तो लादून त्याला भक्ति म्हणण्याचा अधिकार त्यानें कोणालाही दिलेला नाहीं.

आज खेळ संपल्यावर टाळ्या अवश्य द्या. मुलांनीं मेहनत घेतली आहे. मग घरीं जातांना शेजारच्या भिंतीपलीकडून कांहीं ऐकूं आलें, तर 'त्यांच्या घरचें आहे' असें म्हणून दार लावूं नका. धर्मगुरूच्या निवासाचें दार रात्रींही ठोठवा. ह्या खेपेस मी आधीं प्रश्न विचारीन, उपदेश मागाहून.

क्रूसाखालीं शेवटपर्यंत उभी राहिलेली पवित्र मरिया आपल्या घराघरांतील लेकीसुनांची पाठराखीण होवो, आणि तिच्या शेजारीं उभें राहण्याचें धैर्य परमेश्वर आपणां सर्वांस देवो. आमेन.