चोर स्वयंपाकघरात!
(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यातील छोटेखानी भाषण)



दर शनिवारी रात्री आईशी व्हिडिओवर बोलताना चित्र नेमकं अडकायचं. "अरे, ऐकतोयस ना?" एवढंच ऐकू यायचं. आम्ही इंटरनेट कंपनीला दोष देत बसलो आणि चोर निघाला घरातच! मायक्रोवेव्ह चालतो सुमारे २.४५ गिगाहर्ट्झवर, वायफायचा एक पट्टाही २.४ चाच. आमटी गरम करताना बाहेर झिरपणाऱ्या किंचित लहरी आपल्याला निर्धोक, पण वायफायच्या क्षीण संदेशाला भारी पडतात.

तेव्हा राउटर स्वयंपाकघरापासून लांब, उंचावर ठेवा. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर जोडा. मात्र भिंतींपलीकडे त्याचा जोर कमी पडतो.

तेही नाही जमलं, तर आमटी गार खा. आई बोलतेय तोवर मायक्रोवेव्ह बंद!