गेलेल्या वाफशाची पावती कोण देणार?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाच्या भावावर आणि कर्जावर आधीच्या वक्त्यांनी सविस्तर सांगितले आहे. आम्ही आज वेगळ्याच विषयावर बोलणार आहोत. विषय आहे गॅरेजचा. ऐकून काही जण हसतील. पण गावोगावच्या बैठकांत हा विषय आम्ही काढलेला नाही, तो लोकांनीच काढला. एकाने सुरुवात केली की बाकीचे आपापली कहाणी सांगू लागतात. कुणाचा ट्रॅक्टर सर्व्हिसिंग करून आणला आणि आठ दिवसांत बसला. कुणाच्या मोटारसायकलचा ब्रेक दुरुस्तीनंतरच लागेनासा झाला. बिघडलेली गाडी गॅरेजला नेली, हे समजू शकते. पण चांगली चालणारी गाडी गॅरेजला नेली म्हणून बिघडली, याला काय म्हणावे?

मेहकर तालुक्यातले एक उदाहरण सांगतो. शेतकऱ्याचे नाव सांगत नाही, गॅरेजचेही नाही. रोहिण्या लागल्या तेव्हा या भावाने ट्रॅक्टर सर्व्हिसिंगला नेला. ऑईल बदलले, फिल्टर बदलले, रोख पैसे दिले, ट्रॅक्टर घरी आणला. मृगाचा पाऊस पडला, वाफसा आला, वखरपाळीला ट्रॅक्टर शेतात घातला. दोन तासांत इंजिन जाम. खाली वाकून पाहतात तर चेंबरचा बोल्ट जागेवर नाही आणि मागे सगळ्या तासावर काळे ऑईल सांडलेले. बोल्ट हाताने फिरवून बसवला होता, पान्याने आवळायचा राहून गेला होता. इंजिनाच्या धक्क्याने तो सुटत गेला, सहा-सात लिटर ऑईल मातीत गेले. ऑईलशिवाय इंजिन किती वेळ चालणार? क्रँकची बेअरिंगे धरली, खेळ खलास.

गॅरेजवाला म्हणाला, "सकाळी ऑईलची पट्टी पाहणे मालकाचे काम आहे." पट्टी रोज पाहायलाच पाहिजे, हे आम्हीही सांगतो. पण सकाळी पट्टी पाहिली आणि बोल्ट दुपारी पडला तर? वाद घालायला कागद लागतो. या भावाजवळ साधी कच्ची चिठ्ठीसुद्धा नव्हती. गाडी त्याच गॅरेजला नेली होती, एवढेही सिद्ध करता आले नाही.

नुकसान किती?

आता या भावाचे नुकसान किती झाले? गॅरेजवाला म्हणेल, इंजिन बांधायचा खर्च. आम्ही म्हणतो, तो लहान आकडा आहे. मोठा आकडा शेतात आहे.

आपली जमीन काळी आणि चिकण. पाणी प्याली की फुगते, वाळली की भेगाळते. पाऊस पडल्यावर ती चिखल असते, चार दिवस ऊन पडले की दगड होते. या दोन्हींच्या मधले मोजके दिवस म्हणजे वाफसा. ओलिताचा शेतकरी एखादा वाफसा चुकवू शकतो, कारण त्याच्या हातात विहिरीचे पाणी आहे. कोरडवाहूवाल्याच्या हातात फक्त वाफसा आहे. तो गेला की पुढचा पाऊस कधी येईल हे कुणी सांगू शकत नाही.

ज्वारीची पेरणी लांबली की कोवळ्या रोपावर खोडमाशी येते आणि पोंगे वाळतात, हे शेतकी कॉलेजातल्या पोरालाही ठाऊक असते आणि तुम्हाला त्याच्या आधीपासून ठाऊक आहे. कपाशी उशिरा लागली की बोंडे भरायच्या वेळी जमिनीत ओल राहत नाही. म्हणजे जूनमध्ये एका पोराने बोल्ट आवळला नाही, त्याची किंमत आपण दिवाळीनंतर वेचणीच्या वेळी मोजतो. तेव्हा गॅरेजची आठवणही राहत नाही. आपण म्हणतो, यंदा नशीब नव्हते. भावांनो, हे नशीब नव्हे. ही हलगर्जी आहे.

पूर्वी घरोघर बैलजोडी होती. एका बैलाचा पाय दुखावला तर शेजाऱ्याचा बैल सावडीला मिळायचा. आज अर्ध्या गावाची पेरणी दोन-तीन ट्रॅक्टरांवर अवलंबून असते. त्यातला एक बसला की त्याच्या भरवशावर असलेली पंधरा-वीस घरे खोळंबतात. म्हणून ज्याच्या घरी ट्रॅक्टर नाही त्याचाही हा प्रश्न आहे.

चुका कुठे होतात

गावोगावच्या कहाण्या ऐकल्या तर चुका त्याच त्या दिसतात. चार सांगतो, लक्षात ठेवा.

पहिली चूक एअर क्लीनरची. आपल्या भागात उन्हाळ्यात वखरणी करताना ट्रॅक्टर धुळीच्या ढगात चालतो. सर्व्हिसिंगमध्ये एअर क्लीनर काढून साफ करतात, पण परत लावताना रबरी नळीची क्लिप सैल राहते. मग हवा गाळणीतून न जाता त्या फटीतून जाते आणि सोबत माती नेते. ती माती लाईनर-पिस्टन घासून काढते. बाहेरून काहीच दिसत नाही. एका हंगामात ट्रॅक्टर निळा धूर टाकू लागतो, ऑईल पिऊ लागतो, आणि मिस्त्री सांगतो की बोअर करावा लागेल. एका क्लिपपायी इंजिन गेले. एअर क्लीनरची वाटी ऑईलची असेल तर खुणेच्या वर ऑईल भरणेही घातक आहे. ते इंजिनात ओढले जाते.

दुसरी चूक पाण्याची. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा, मलकापूर या पूर्णाकाठच्या भागात खारपाण पट्टा आहे. त्या पाण्याने पीक करपते हे आपल्याला ठाऊक आहे. मग तेच पाणी रेडिएटरमध्ये कसे चालेल? गॅरेजमध्ये बोअरच्या पाण्याची बादली असते, तीच ओततात. आत क्षार साचतात, लोखंड गंजते, पाण्याच्या वाटा बुजतात, इंजिन तापते आणि हेडचे गॅस्केट जाते. बॅटरीत तर हे पाणी घालूच नये. रेडिएटरला कूलंट आणि बॅटरीला डिस्टिल्ड वॉटर, हा हट्ट मालकानेच धरला पाहिजे.

तिसरी चूक ऑईलची. हल्लीच्या बऱ्याच ट्रॅक्टरांचे ब्रेक ऑईलमध्ये बुडालेले असतात. त्यांना, गेरबॉक्सला आणि हायड्रोलिकला मिळून एकच खास ऑईल लागते. कंपनीच्या पुस्तकात त्याचे नाव छापलेले असते. गॅरेजवाला डब्यात असेल ते गेर ऑईल भरतो. शेतात काही कळत नाही. कळते ते कापसाची ट्रॉली भरून राजूर घाट उतरताना. तिथे ब्रेक लागला नाही तर इंजिनाचा नाही, माणसांचा हिशेब करावा लागतो.

चौथी चूक मात्र आपल्याच मागणीतून होते. "ट्रॅक्टर ओढत नाही, जरा पंप वाढवून दे," असे आपण म्हणतो. मिस्त्री डिझेल पंपाचे सील तोडतो, जास्त डिझेल सोडतो. दोन दिवस जोर वाढल्यासारखा वाटतो. मग काळा धूर, जास्त डिझेल आणि शेवटी पिस्टन जळणे. वॉरंटी असेल तर तीही गेली. सील का आहे, हे मिस्त्रीने सांगायला पाहिजे आणि आपण विचारायला पाहिजे.

जबाबदारी कुठे गेली?

पूर्वी तिफण, वखर, डवरा गावचे सुतार-लोहार दुरुस्त करायचे. त्यांना मोबदला खळ्यावर मिळायचा. तिफणीचे दाते वाकडे बसवले तर खळ्यावर त्याच शेतकऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागेल, हे त्यांना ठाऊक असायचे. ती बलुत्याची रीत जातीच्या दाव्याला बांधलेली होती. ती गेली हे बरे झाले, ती परत नको. पण कामाचा गुण आणि कामाचे दाम यांचा जो संबंध तिच्यात होता, तो तुटला. आज पैसे आधी, गाडी नंतर, आणि चूक झाली तर गॅरेजवाला ओळखही दाखवत नाही.

एस.टी.कडे पाहा. खामगावच्या किंवा चिखलीच्या आगारात गाडी आली की चालक गाडीतला दोष लिहून देतो आणि कार्यशाळेत त्यावर काम होते. एस.टी.च्या कारभारावर आमचे पुष्कळ आक्षेप आहेत. पण दोष लिहायची ही एक सवय घेण्यासारखी आहे. लिहिलेले काम नाकारता येत नाही.

गॅरेजमधली पोरे कुणी परकी नाहीत. शेतीत भागत नाही म्हणून आपल्याच घरातून तिकडे गेलेली आहेत. त्यांना कुणी नीट शिकवले नाही, हातात ताण मोजणारा पाना दिला नाही, आणि हंगामात एका पोरावर दहा गाड्या टाकल्या. आपला राग पोरावर नाही. पैसे घेऊन जबाबदारी न घेणाऱ्या मालकाला आपला प्रश्न आहे.

कायदा काय म्हणतो

कुणी म्हणेल, सरकारने गॅरेजवर इन्स्पेक्टर नेमावा. आम्ही ही मागणी करणार नाही. इन्स्पेक्टर येईल, हप्ता घेईल, आणि तो हप्ता आपल्याच बिलात चढेल. लायसेन्स-परमिटने शेतकऱ्याचे भले झाल्याचे आम्ही पाहिलेले नाही. आपल्याला पाहिजे ते गिऱ्हाईकाचे बळ, आणि त्यापुरता कायदा आज आहे.

१८७२ चा करार कायदा सांगतो की दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने, समंजस माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घेतली पाहिजे. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली आला. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. पैसे घेऊन केलेल्या कामात उणीव राहिली तर ग्राहकाला भरपाई मागता येते. नव्या कायद्यात पावती न देणे हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते. कंपनीचे ऑफिस मुंबईला असो की दिल्लीला, आपण बुलढाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकतो. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. मुदत दोन वर्षांची. सल्ल्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर आहे.

समोरचा वकील म्हणेल, "ट्रॅक्टर धंद्याचा आहे, शेतकरी ग्राहक नाही." त्याचे उत्तर तयार ठेवा. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरली जात नाही. लक्ष्मी इंजिनियरिंगच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९९५ साली स्वतः रिक्षा चालवून पोट भरणाऱ्याचे उदाहरण देऊन हे सांगितले. बियाण्याच्या खटल्यात २०१२ साली त्याच कोर्टाने शेतकऱ्याला ग्राहक मानले. मात्र पाच ट्रॅक्टर, पाच ड्रायव्हर ठेवून भाड्याचा धंदा करणाऱ्याला ही सवलत मिळणे अवघड आहे, हेही सांगून ठेवतो.

पण आयोग कागद विचारणार. आणि आपण काय म्हणतो? "पावती नको, टॅक्स वाचव." शे-दोनशे वाचवतो आणि हजारोंचा हक्क सोडून देतो. आपण उत्पादन खर्चावर आधारित भाव मागतो. खर्च किती, असे कुणी विचारले तर दुरुस्तीचा एक तरी कागद घरात निघतो का?

आता करायचे काय

या मेळाव्यात पाच गोष्टी ठरवून जाऊ.

१. गाडी देताना कामाची यादी दोन प्रतींत लिहायची. तारीख, मीटरचे तास, काय बदलायचे, कोणते ऑईल, आणि दोघांच्या सह्या. एक प्रत आपल्याजवळ.

२. बदललेले जुने सामान परत मागायचे. फिल्टर बदलला म्हणतो, तर जुना दाखव. नव्याची खोकी पाहायची.

३. पक्की पावती घेतल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. हिशेबाचा वाद असेल तर पैसे द्यायचे, पण "तक्रार कायम ठेवून" असे पावतीवर लिहायचे. दुरुस्तीची मजुरी मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवण्याचा हक्क गॅरेजवाल्याला कायद्याने आहे. तेव्हा हातघाईवर यायचे नाही.

४. गाडी गॅरेजच्या दारातच तपासायची. चेंबरचा बोल्ट, चाकांचे नट, एअर क्लीनरच्या क्लिपा हाताने पाहायच्या. ऑईलची पट्टी, ब्रेक, धूर पाहायचा. अर्धा तास इंजिन चालवून खाली गळते का ते पाहायचे. पुन्हा पहिल्या दिवशी शेतात दोन तासांनी थांबून एकदा पाहायचे.

५. सर्व्हिसिंगनंतर गाडी बसली तर त्याच गॅरेजवाल्याला घाईने इंजिन उघडू द्यायचे नाही. आधी मोबाईलवर फोटो, दोन साक्षीदार, दुसऱ्या जाणत्या मिस्त्रीचे लेखी मत, आणि मग गॅरेजला लेखी नोटीस. इंजिन उघडले की पुरावा गेला.

एकट्याने पावती मागितली तर गॅरेजवाला हसेल. गावातल्या दहा ट्रॅक्टरवाल्यांनी मिळून सांगितले, की लिहून देईल त्याच्याकडेच आमच्या दहाही गाड्या येतील, तर तो वही स्वतः आणून ठेवेल. त्यात चांगल्या मिस्त्रीचाही फायदा आहे. आज नीट काम करणारा आणि उरकून टाकणारा दोघेही एकाच भावात विकले जातात. आय.टी.आय.मधून डिझेलचे आणि ट्रॅक्टरचे काम शिकून आलेली पोरे आहेत. पाच गावांनी मिळून अशा एखाद्या पोराला वर्षभराचे काम कबूल केले तर त्याचे दुकान उभे राहील आणि आपली पेरणी सांभाळली जाईल.

हे काम पावसाळ्याच्या तोंडावर होत नाही. रोहिण्यांत गॅरेजपुढे रांग लागते आणि रांगेतच बोल्ट सैल राहतात. नांगरटी आटोपली की चैत्रातच गाड्या दाखवून घ्या. प्रत्येक गावाने आपल्या ट्रॅक्टरांची यादी करून, कोणती गाडी कुठे नेली, काय लिहून मिळाले आणि काय बिघडले, याची नोंद पुढच्या जिल्हा बैठकीला आणावी. तालुक्यातले कोणते गॅरेज विश्वासाचे, हे कुणाच्या जाहिरातीवरून नव्हे, त्या नोंदींवरून आपण ठरवू.