केकचे मुरणे

मराठीत 'मुरणे' हे मोठे सोयीचे क्रियापद आहे. लोणचे मुरते, पाक मुरतो, पहिल्या पावसाचे पाणी जमिनीत मुरते. आणि वकिलीत किंवा राजकारणात पुष्कळ वर्षे काढलेल्या गृहस्थालाही आपण 'मुरलेला' म्हणतो. केकच्या बाबतीत मात्र हा शब्द कोणाच्या तोंडी सहसा येत नाही. केक म्हणजे ताजा खाण्याचा पदार्थ, अशी आपली समजूत. बेकरीच्या दारात उभे राहून आपण पहिला प्रश्न विचारतो तो 'आजचाच आहे ना?' हाच. नाताळचा फळांचा केक याला अपवाद आहे. इंग्लंडमध्ये हा केक घरी करण्याची ज्यांची रीत आहे, ते तो ऑक्टोबरात भाजून ठेवतात आणि डिसेंबरच्या अखेरीस खातात. मधले दोन-तीन महिने तो डब्यात असतो. त्या डब्यात काय घडते, आणि आपल्या हवेत ते तसेच घडेल काय, एवढेच आज मला आपणांस सांगावयाचे आहे.

श्रोतेहो, प्रथम हा केक आहे तरी कसा, ते पाहू. वीतभर व्यासाच्या एका गोल केकला लोणी, तपकिरी साखर आणि मैदा प्रत्येकी सुमारे २२५ ग्रॅम, चार अंडी, आणि मनुका, बेदाणे, साखरेत पाकवलेली संत्र्याची साल असा सुका मेवा तब्बल ९०० ग्रॅम लागतो. म्हणजे याला मैद्यात घातलेली फळे म्हणण्यापेक्षा, फळे एकमेकांना चिकटून राहावीत एवढ्यापुरता घातलेला मैदा म्हणणे अधिक बरोबर. जोडीला दालचिनी, जायफळ, लवंग. भट्टीची आच मंद, १४० अंश सेल्सिअसच्या आसपास, आणि वेळ चार तासांचा. याला 'प्लम केक' असेही म्हणतात, पण त्यात प्लम नावाचे फळ नसते. जुन्या इंग्रजीत मनुकांनाही तोच शब्द होता. पूर्वी असा केक जानेवारीच्या ५-६ तारखेच्या सणासाठी होत असे. व्हिक्टोरिया राणीच्या काळात तो सण मागे पडला आणि केक नाताळात आला.

भट्टीतून निघालेला केक त्याच दिवशी कापला तर निराशा होते. तो भुसभुशीत लागतो, सुरीखाली त्याचा चुरा होतो, लवंग एकटीच जिभेवर येते, मनुका वेगळी लागते आणि मैदा वेगळा. तेव्हा तो पूर्ण निवू द्यावयाचा, अगदी रात्रभर. कोमट केक गुंडाळला तर आतली वाफ कागदावर पाणी होऊन बसते, आणि बुरशीला यापेक्षा चांगले आमंत्रण नाही. निवल्यावर त्याला विणकामाच्या सुईने जागोजाग भोके पाडावयाची, त्यांवर एक-दोन मोठे चमचे ब्रँडी, रम किंवा व्हिस्की शिंपडावयाची, बटर पेपरच्या दुहेरी घडीत तो गुंडाळावयाचा, त्यावर अॅल्युमिनियमची फॉइल, आणि मग घट्ट झाकणाचा डबा. फॉइल केकला थेट लावू नये. फळांतील आंबटपणा तिला खातो आणि तिला भोके पडतात. पुढे दर आठ-पंधरा दिवसांनी डबा उघडून पुन्हा चमचाभर मद्य. इंग्रजीत या क्रियेला जो शब्द आहे त्याचा अर्थ 'भरवणे' असा होतो. तान्ह्या मुलाला भरवतात तसे. शब्द गोड आहे, पण त्याने फसू नये. पोर रडून सांगते की पोट भरले. केक सांगत नाही, आणि अतिरेक झाला की लगदा होतो.

या काळात आत काय चालते? फळे आणि मैद्याचा भाग यांत ओलावा सारखा वाटलेला नसतो. ओलावा ज्या बाजूला मोकळा असतो तेथून तो, जेथे साखरेने त्याला ओढ लावलेली असते तेथे, हळूहळू सरकतो. दोन्हीकडची ओढ समान होईपर्यंत ही देवघेव चालते. मसाल्यांचा वास लोण्यात विरघळणारा. तो लोण्याबरोबर सर्वत्र पसरतो. काही आठवड्यांनी मैदा आणि मनुका यांची चव वेगळी काढता येत नाही, आणि केक सुरीखाली चुरत नाही, स्वच्छ कापला जातो. याला मुरणे नाही म्हणावयाचे तर काय म्हणावयाचे?

आता तो टिकतो का, हे पाहावयाचे. एखाद्या पदार्थात पाणी किती आहे यापेक्षा त्यातले किती मोकळे आहे, हे महत्त्वाचे. ऑस्ट्रेलियातील डब्ल्यू. जे. स्कॉट या शास्त्रज्ञाने जंतूंच्या वाढीचा या दृष्टीने केलेला अभ्यास १९५३ साली प्रसिद्ध झाला. शुद्ध पाण्याची मोकळीक १ धरली, तर बहुतेक जीवाणूंची वाढ ०.९ च्या आसपास थांबते, बहुतेक बुरशींची ०.८ च्या आसपास. काही चिवट बुरशी त्याखालीही तग धरतात. आपला मुरांबा आणि मिठाने भरलेले लोणचे याच नियमावर टिकते. फळांनी ठासून भरलेला केक या दुसऱ्या रेषेच्या जवळपास असतो. जीवाणूंपासून तो सुरक्षित. बुरशीच्या बाबतीत मात्र काठावर. पृष्ठभागावर शिंपडलेले मद्य त्या काठावर पहारा करते.

याच मोजमापाचा दुसरा अर्थ आपल्या फार उपयोगाचा आहे. ज्या केकची मोकळीक ०.७५, तो ७५ टक्के आर्द्रतेच्या हवेशी समतोल राखतो. हवा त्याहून कोरडी असली तर केक सुकतो, दमट असली तर तो हवेतून पाणी ओढतो. शेगडीने तापवलेल्या इंग्रजी घरात डबा केकला वाळण्यापासून राखतो. पावसाळ्यात मुंबईची किंवा रत्नागिरीची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. तेथे तोच डबा केकला ओल धरण्यापासून राखतो. नागपूरच्या थंडीतली कोरडी हवा पुन्हा निराळी. विलायती पुस्तकातले 'थंड, कोरड्या कपाटात ठेवा' हे वाक्य किनाऱ्यावर राहणाऱ्याने वाचले, तर त्याने विचारावे की असे कपाट माझ्या घरात कोठे आहे?

केक किती टिकू शकतो याचे एक नवल येथे सांगण्याजोगे आहे. २०१७ साली अंटार्क्टिकातील केप अडेअर येथील जुन्या झोपडीत हंटली अँड पामर्स या कंपनीचा फळांचा केक सापडला. तो कॅप्टन स्कॉट यांच्या १९१० ते १९१३ च्या मोहिमेतील तुकडीचा असावा, असे मानतात. डब्याचा पत्रा गंजला होता. केक मात्र दिसण्यात आणि वासाला जवळजवळ खाण्याजोगा होता. पण यातले मोठे श्रेय तेथल्या थंडीला आणि कोरड्या हवेला आहे. या दाखल्यावर विसंबून दादरच्या स्वयंपाकघरात कोणी केक वर्षभर ठेवू नये.

आपल्या देशात या प्रश्नाची उत्तरे निरनिराळी निघाली. केरळात तलश्शेरीच्या मंबळ्ळी बापू यांची गोष्ट प्रसिद्ध आहे. १८८३ च्या नाताळापूर्वी मर्डॉक ब्राऊन नावाच्या मळेवाल्याने त्यांना विलायतेहून आणलेला केक दाखवून तसाच करावयास सांगितले, आणि ब्रँडी शेजारच्या फ्रेंच माहेहून आणण्याचे सुचवले. बापूंनी काजूची बोंडे आणि केळी यांपासून केलेले स्थानिक मद्य वापरले, असे सांगतात. अलाहाबादच्या केकमध्ये लोण्याऐवजी तूप आणि फळांच्या जोडीला पेठा व मुरंबा पडतो. मला ही युक्ती फार शहाणपणाची वाटते. लोण्यात शंभरात सुमारे सोळा भाग पाणी असते, तुपात जवळजवळ नसतेच. आणि पेठा तर आधीच साखरेने संपृक्त झालेला.

परंतु खरा बदल दुसराच झाला, आणि त्याची नोंद फारशी कोणी घेत नाही. आपल्याकडे पुष्कळ घरांत केकऐवजी आधी फळेच मुरवतात. उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यात सुका मेवा चिरून काचेच्या बरणीत घालतात, वर रम ओततात, आणि डिसेंबर लागल्यावर केक भाजतात. चाळीस टक्क्यांवरच्या मद्यात बुडालेल्या मनुकेला आपल्या दमट हवेची भीती नाही. पथ्ये लोणच्याचीच: बरणी कोरडी, चमचा कोरडा, आणि लोणच्यावर जसे तेल, तशी फळांवर रम. फळे वर डोकावू लागली की पुन्हा भर घालावी. अशा फळांचा केक दोन-तीन आठवड्यांत खाण्याजोगा होतो, आणि ते आठवडेही डिसेंबरच्या बऱ्या हवेतले असतात. किनाऱ्यावर राहणाऱ्यांस माझा सल्ला हाच राहील.

ज्या घरात मद्य येत नाही त्यांनी काय करावे? फळे संत्र्याच्या रसात किंवा कोऱ्या चहात रात्रभर भिजवून केक उत्तम होतो. मात्र भाजल्यानंतर त्याला रस 'भरवू' नये. रसाने पाणी वाढते, राखण काहीच होत नाही, आणि चार पैसे खर्चून केलेला केक ऐन सणाला हिरवट ठिपक्यांनी भरतो. असा केक सणाच्या आठवडाभर आधी करावा, गुंडाळून शीतकपाटात ठेवावा, आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या उष्णतेला आल्याशिवाय त्याची गुंडाळी सोडू नये. केकवर पांढरे कण दिसले आणि ते चिमटीत कुरकुरले तर ती साखर आहे. लोकरीसारखे दिसले तर बुरशी. मग वरचा भाग खरवडून उरलेला पाहुण्यांपुढे ठेवण्याची काटकसर करू नये. बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्याहून खोल गेलेले असतात.

बदामाच्या लगद्याचा आणि साखरेचा थर द्यावयाचा असेल तर शेवटचे मद्य त्याच्या आठवडाभर आधी घालावे, म्हणजे पृष्ठभाग कोरडा राहतो. हा केक पोटाला जड. तेव्हा लांब, धारदार सुरीने त्याचे पातळ काप करावेत, आणि कापलेली बाजू लगेच कागदाने झाकावी. यॉर्कशरात तो चीजच्या तुकड्याबरोबर खातात. आपल्याकडे चहा पुरे.