हातपंप : साधनाची निवड आणि निगा

(विकास प्रशासनाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



ग्रामीण विकासाच्या चर्चेत साधनांची मोजदाद बहुधा बसविलेल्या संख्येत होते : इतके ट्रॅक्टर, इतके पंप, इतक्या सुधारित चुली. त्यांतील किती साधने चालू आहेत, हा रकाना बहुतेक तक्त्यांत नसतो. भारतातील हातपंपाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. येथे तो रकाना प्रत्यक्ष भरला गेला आणि त्यात आलेल्या आकड्यामुळे पंपाची रचनाच बदलावी लागली.

१९६६-६७ मध्ये बिहारात भीषण दुष्काळ पडला. त्या काळात युनिसेफने कठीण खडकात छिद्र पाडणारी वेधनयंत्रे भारतात आणली. जी विहीर खणण्यास महिनोन् महिने लागत, तिच्या जागी दाबित हवेवर चालणाऱ्या हातोड्याने एक-दोन दिवसांत विंधन विहीर तयार होऊ लागली. १९७० ते १९७३ या काळात महाराष्ट्रात पडलेल्या अवर्षणात दख्खनच्या काळ्या पाषाणातही हे तंत्र उपयोगी पडले. १९७२-७३ मध्ये केंद्र सरकारने त्वरित ग्रामीण पाणीपुरवठा कार्यक्रम सुरू केला आणि विंधन विहिरींची संख्या झपाट्याने वाढली. पाणी सापडले होते. ते वर आणणारा पंप मात्र टिकत नव्हता. १९७०च्या दशकाच्या मध्यास झालेल्या पाहणीत सुमारे तीन-चतुर्थांश पंप बंद आढळले.

याचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. त्या वेळचे बिडाचे पंप परदेशातील एका कुटुंबाच्या अंगणासाठी घडविलेल्या नमुन्यांवर बेतलेले होते. भारतीय गावात त्याच पंपावर पहाटेपासून रात्रीपर्यंत शेकडो माणसे पाणी भरत. दांडा आणि दट्ट्याची सळई जोडणारी खीळ झिजे, तिचे छिद्र रुंदावे, सळई कलती होऊन घासू लागे आणि अखेरीस तुटे. बीड ठिसूळ असते. त्याला तडा गेला की गावच्या लोहाराच्या हाती काही उरत नसे. दोष गावकऱ्यांच्या हलगर्जीपणाचा, असे कार्यालयीन टिपणांत लिहिणे सोपे होते. वस्तुतः साधन आणि त्याचा वापर यांचा मेळच बसलेला नव्हता.

यावरचा उपाय मराठवाडा आणि सोलापूर येथील कार्यशाळांतून निघाला, ही गोष्ट मराठी विद्यार्थ्यांनी आवर्जून ध्यानात ठेवावी. जालना येथील मिशनच्या लोकांनी बिडाऐवजी पोलादाचा, एकाच आसावर फिरणाऱ्या दांड्याचा पंप बनविला. सोलापूर वेल सर्व्हिसचे ऑस्कर कार्लसन यांनी ती कल्पना पुढे नेली. या रचनेत दांड्याच्या टोकाला वर्तुळखंडाच्या आकाराचा पोलादी तुकडा असतो व त्यावरून साखळी जाते. दांडा वर-खाली झाला तरी साखळी त्या वर्तुळखंडावरून सरळ उभी उतरते. त्यामुळे सळईला बाजूचा धक्का बसत नाही. भरीव पोलादी दांड्याचे वजन सळईच्या वजनाला तोलून धरते, म्हणून खोल पाणीही एका स्त्रीला किंवा मोठ्या मुलाला उपसता येते.

याच पायावर भारत सरकार, युनिसेफ, मद्रास येथील यांत्रिकी अभियांत्रिकी संशोधन संस्था आणि रिचर्डसन अँड क्रुडास हा सरकारी उपक्रम यांनी मिळून ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप सिद्ध केला. कोइम्बतूर परिसरातील खोल विहिरींवर त्याची चाचणी झाली आणि १९७०च्या दशकाच्या अखेरीस उत्पादन सुरू झाले. रचनेवर कोणाचाही एकाधिकार ठेवला नाही. भारतीय मानक ९३०१ ठरविण्यात आले आणि त्याबरहुकूम कोणत्याही कारखान्याला पंप बनविता येऊ लागले. एका कारखान्याचा भाग दुसऱ्या कारखान्याच्या पंपाला बसतो, ही सोय दिसायला किरकोळ आहे. तथापि सुटा भाग शेजारच्या बाजारात मिळणे आणि तो चारशे किलोमीटरवरून मागवावा लागणे, यांत गावाचा एक उन्हाळा जातो. १९८०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत देशात असे दहा लाखांहून अधिक पंप बसले आणि आफ्रिकेतील अनेक देशांतही ते गेले.

या पंपालाही मर्यादा होत्या. साखळी ओढू शकते, ढकलू शकत नाही. दट्ट्या खाली जातो तो सळईच्या वजनाने. उथळ विहिरीत सळई आखूड व हलकी असल्याने साखळी सैल पडते. आम्लयुक्त पाण्यात जस्तलेपित लोखंडी नळ गंजतात. सर्वांत मोठी अडचण जमिनीखाली होती. दट्ट्यावरील चामड्याची वाटी झिजली की ती बदलण्यासाठी तीस-चाळीस मीटर नळ तिकाटण्याने वर काढावे लागत. चार रुपयांच्या वाटीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणाहून गाडी व पथक येईपर्यंत गावाने थांबावे, हा व्यवहार कोणत्याही गृहिणीला हास्यास्पद वाटला असता.

चामड्याच्या जागी नायट्राइल रबर आले आणि वाटीचे आयुष्य वाढले. कोइम्बतूर येथे पुढे झालेल्या प्रदीर्घ चाचण्यांतून ‘मार्क तीन’ निर्माण झाला. त्यात ३२ मिलिमीटरऐवजी ६५ मिलिमीटर व्यासाचा नळ वापरला जातो. त्यामुळे नळ जागेवर ठेवून दट्ट्या आणि तळाची झडप त्यातूनच वर ओढता येतात. थोड्या पान्यांनिशी गावातील मेकॅनिक हे काम करू शकतो. असे असूनही मार्क तीनचा प्रसार मार्क दोनइतका झाला नाही. रुंद नळ महाग आणि जड. निविदेत किंमत खरेदीच्या दिवसाची लागते, पुढील पंधरा वर्षांच्या दुरुस्तीची नाही. परीक्षेच्या टिपणांत कार्यक्रमाचे नाव आणि वर्ष पाठ होते. त्याचे यशापयश पुष्कळदा निविदेच्या या एका अटीत दडलेले असते.

दुरुस्ती करणारा माणूस कोण, या प्रश्नाची उत्तरे राज्याराज्यांत वेगवेगळी निघाली. तमिळनाडूत त्रिस्तरीय पद्धत आली : गावात पंपाची देखभाल करणारी व्यक्ती, गटपातळीवर मेकॅनिक आणि जिल्ह्याला फिरते पथक. राजस्थानातील तिलोनियाच्या संस्थेने गावातीलच तरुणास प्रशिक्षण देऊन हातपंप-मिस्त्री घडविले. उत्तर प्रदेशातील बांदा जिल्ह्यात १९९०च्या दशकात महिला समाख्या कार्यक्रमातून बहुतांशी निरक्षर, दलित आणि आदिवासी स्त्रिया पंप दुरुस्त करू लागल्या. पाणी भरण्याचे कष्ट ज्यांच्या वाट्याला येतात, त्यांच्याच हाती पाना गेल्यावर पंप बंद राहण्याचे दिवस घटावेत, यात नवल नाही. नवल हे की, आखणी करणाऱ्यांना हे सुचण्यास इतकी वर्षे लागली.

हातपंपाच्या काळातील निकष २५० लोकांमागे एक पंप आणि माणशी ४० लिटर पाणी असा होता. २०१९ मध्ये घोषित झालेल्या जल जीवन मिशनने घरोघरी नळ आणि माणशी ५५ लिटर पाणी हे उद्दिष्ट ठेवले. डोक्यावरचा हंडा उतरविणारे हे पाऊल स्वागतार्हच आहे. नळयोजनेत विजेची मोटर, स्टार्टर, टाकी, झडपा, क्लोरीन आणि दरमहा येणारे वीजबिल असते. गाव पाणी समितीत किमान निम्म्या स्त्रिया असाव्यात, प्रत्येक गावात पाच स्त्रियांना पाणी तपासणीचे शिक्षण द्यावे, अशा तरतुदी मिशनमध्ये आहेत. मोटर जळाल्यावर ती कोण, किती दिवसांत आणि कोणत्या पैशातून बांधून आणील, हे मात्र प्रत्येक समितीला स्वतःच ठरवावे लागते.

महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने या संदर्भात दुहेरी पंपाची योजना राबविली. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांतील वाड्या-पाड्यांत एकाच विंधन विहिरीत सौरऊर्जेवर चालणारा पाणबुडी पंप आणि हातपंप असे दोन्ही बसविले जातात. ऊन असेपर्यंत टाकी भरते आणि नळाला पाणी येते. ढगाळ दिवस लांबले किंवा सौर पंप बिघडला, तर वाडीतील माणसे त्याच विहिरीचा दांडा हाती धरून पाणी भरतात.