आठवणी मागणारा माणूस
(मंडळाच्या कार्यक्रमातील भाषण)



"आमच्या आयुष्यात सांगण्यासारखं काय आहे?" असे आपले ज्येष्ठ नेहमी म्हणतात. लक्ष्मीबाई टिळकांचे शालेय शिक्षण जवळजवळ नव्हतेच. मुलाला, देवदत्त यांना, रेव्हरंड टिळकांचे चरित्र लिहायचे होते, म्हणून त्यांनी आईकडे आठवणी मागितल्या. त्यातून 'स्मृतिचित्रे' झाले. पहिला भाग १९३४ साली निघाला. मागणारा भेटलाच नसता तर?

आपल्या भिलाईत पहिली ब्लास्ट फर्नेस १९५९ साली सुरू झाली. त्या सुमारास आलेल्यांपैकी फार थोडे आज आपल्यात आहेत. त्यांना "तेव्हा कसं होतं?" असे विचारू नका, "बरं होतं" एवढेच उत्तर येईल. पहिल्या पगारातून गावी मनिऑर्डर कितीची केली, बाळंतपणासाठी माहेरी जाताना रेल्वेत सोबतीला कोण होतं, असे विचारा. काकू आधी हसतील, मग बोलू लागतील. तेव्हा मध्येच मोबाईल बघू नका. (तरुणांनाच बोलतोय असे नाही, आमचे रिटायर्ड मित्रही कमी नाहीत!)

उद्या आरतीनंतर मांडवात खुर्च्या तशाच ठेवणार आहोत. प्रसाद घेऊन लगेच घरी पळू नका.