तळव्यांचा नकाशा आणि टिपणवही

आजीनें नातवाच्या तळव्यांस काशाच्या वाटीनें तूप चोळलें, तर तिच्याकडे टिपणवही कोणी मागत नाहीं. परंतु तळवा हा साऱ्या शरीराचा नकाशा आहे असें मानून जो मनुष्य फी घेऊन परक्याचे पाय हातांत धरतो, त्याच्यावर लेखनाची जबाबदारी येऊन पडते. रिफ्लेक्सॉलॉजी या नांवानें इंग्लंड-अमेरिकेंत चालणाऱ्या या व्यवसायापुढें प्रश्न आहे तो हाच कीं, त्या वहींत काय लिहावें आणि काय लिहूं नये.

मूळ कल्पना अमेरिकेंतील. हार्टफर्ड येथील कान-नाक-घशाचे तज्ज्ञ डॉ. विल्यम फिट्झजेरल्ड यांनीं शरीराचे दहा उभे पट्टे कल्पिले. एडविन बॉवर्स यांच्यासह लिहिलेलें त्यांचें पुस्तक १९१७ सालीं निघालें. पुढें युनिस इंगम या बाईंनीं ती कल्पना पायांवर आणून यकृत, मूत्रपिंड, पाठीचा कणा यांचीं ठिकाणें तळव्यावर नेमून दिलीं. त्यांचें पुस्तक १९३८ सालचें. हीं ठिकाणें त्या त्या इंद्रियाशीं जोडणारा मार्ग शरीरशास्त्राला मात्र सांपडलेला नाहीं. दाबण्यानें आराम वाटतो, ही गोष्ट वेगळी. ती कोणी नाकारीत नाहीं.

इंग्लंडांतील एका चाचणीचा वृत्तांत २००० सालीं प्रसिद्ध झाला. ठराविक सहा विकारांपैकीं एक वा अधिक विकार असलेलीं १८ माणसें निवडून, त्यांच्या रोगांची माहिती न देतां, दोन रिफ्लेक्सॉलॉजिस्टांस त्यांचे पाय तपासावयास सांगितलें होतें. तळव्यावरून रोगनिदान होऊं शकतें, असें त्यांतून कांहीं निघालें नाहीं. यावरून टिपणाचा पहिला नियम आपोआप ठरतो. ‘उजव्या टांचेवर दाबतांच दुखलें, असें बाई म्हणाल्या’ हें टिपण झालें. ‘यकृत मंद आहे’ हा केवळ तर्क. नकाशा भिंतीवर खुशाल टांगलेला असो, वहींत त्याला जागा नसावी. असलें वाक्य एखाद्यानें खरें मानलें, तर तो विनाकारण धास्तावेल. आणि ‘यकृत ठीक’ असें वाचून निर्धास्त झालेला मनुष्य डॉक्टरकडे जाण्यास उशीर करील, हें तर त्याहून वाईट.

मधुमेहानें ज्याच्या पायांची संवेदना गेली आहे, त्याचें उदाहरण घ्यावें. अंगठ्याचा दाब किती बसला हें त्याला कळत नाहीं. तळव्याला जखम असली तरी तिचा पत्ता त्याला नसतो. अशा माणसास ‘दुखतें का?’ असें विचारून वहींत ‘नाहीं’ एवढेंच लिहिणें म्हणजे फसवें टिपण होय. आधीं मधुमेह विचारावा, तळवे व बोटांच्या बेचक्या डोळ्यांनीं पाहाव्या, आणि जें दिसलें तें तारखेसह लिहावें. एकाच पोटरीला सूज असून ती दुखत असेल व ऊन लागत असेल, तर शिरेंत रक्ताची गुठळी असण्याचा संभव असतो. त्या दिवशीं पायाला हात न लावतां त्या माणसास तांतडीनें डॉक्टरकडे पाठवावें, आणि कां पाठविलें तेंही लिहावें. न केलेल्या कामाचें टिपण बहुतेक वह्यांतून गळतें. वाद उपस्थित झाला कीं नेमकें तेंच शोधावें लागतें.

लिहिलेलें खोडून काढूं नये. चूक झाली तर तिच्यावरून एकच रेघ ओढावी, म्हणजे मूळ शब्द वाचतां येतात. शेजारीं दुरुस्ती, तारीख आणि सही असावी.

ब्रिटनमध्यें ऑस्टिओपॅथांसाठीं १९९३ सालीं स्वतंत्र कायदा झाला. रिफ्लेक्सॉलॉजिस्टांसाठीं तसा कायदा नाहीं. पाटी लावावयास कोणालाही मोकळीक आहे. २००८ सालीं स्थापन झालेल्या कॉम्प्लिमेंटरी अँड नॅचरल हेल्थकेअर कौन्सिलच्या यादींत नांव घालणें हें ऐच्छिक आहे. कर्करोग बरा करतों अशी जाहिरात करण्यास मात्र १९३९ च्या कायद्यानें तेथें बंदी आहे. आणि रोग्याची माहिती जपण्याचा कायदा सर्वांनाच लागू आहे. तेव्हां वही कुलपांत राहिली पाहिजे. पण ज्याचे पाय, त्यानें आपल्या टिपणांची नकल मागितली, तर ती सामान्यतः एका महिन्याच्या आंत आणि फी न घेतां द्यावी लागते.